संरक्षित भूमी, सरकारचा निर्णय व न्यायालय
(शेतकऱ्याने कोणत्या पायरीवर बोलावे?)

आपल्या जिल्ह्यात संरक्षित भूमी थोडी नाही. कन्नडकडील सातमाळ्याच्या डोंगरात सुमारे २६० चौरस किलोमीटरचे गौताळा औट्रम घाट अभयारण्य आहे. पैठणास नाथसागराचा फुगवटा हे जायकवाडी पक्षी अभयारण्य असून त्याचे क्षेत्र सुमारे ३४१ चौरस किलोमीटर आहे. ही दोन्ही १९८६ साली जाहीर झाली. यांच्या कडेस ज्यांची शेते आहेत, ज्यांची गुरे त्या डोंगरात चरावयास जातात, किंवा ज्यांचे पाणी त्या जलाशयातून येते, अशा शेतकऱ्यांची संख्या मोठी आहे. सरकारने एखादी भूमी संरक्षित ठरविली, तिची हद्द वाढविली अथवा कमी केली, किंवा तिच्यात एखाद्या कारखान्यास अगर प्रकल्पास वाव दिला, म्हणजे या शेतकऱ्यांच्या हितास त्याची झळ अथवा लाभ पोहोचतो. अशा वेळी पुष्कळांच्या तोंडी एकच वाक्य असते, "कोर्टात जाऊ." परंतु कोर्टात काय मागावयाचे, कोणत्या कोर्टात मागावयाचे, आणि तेथे जाण्यापूर्वी कोणती संधी हातची गेली, याचा विचार फार थोडे लोक करतात. तो विचार व्हावा म्हणून हा पाठ आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

आरंभीच मुख्य गोष्ट सांगून टाकतो. सरकारचा निर्णय शहाणपणाचा आहे की नाही, हे न्यायालय सहसा पाहत नाही. तो घेण्याचा सरकारास अधिकार होता काय, कायद्याने सांगितलेल्या पायऱ्या ते ओलांडून आले की गाळून आले, आणि अधिसूचनेच्या शब्दांत तो निर्णय बसतो काय, एवढेच ते तपासते. यास्तव ज्याने मसुद्याच्या व चौकशीच्या वेळी लेखी बोलून ठेवले, त्याचे म्हणणे पुढे न्यायालयात वजनदार ठरते. जो त्या वेळी गप्प राहिला, त्यास पुढे फारसे बोलावयास उरत नाही.

भूमीचे प्रकार

"जंगल खात्याची जमीन" असे आपण सरसकट म्हणतो. कायद्यात तिचे निरनिराळे प्रकार आहेत व प्रत्येकाचे नियम वेगळे आहेत. राखीव वन हे वन कायद्याखाली ठरते. अभयारण्य व राष्ट्रीय उद्यान ही १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याखाली ठरतात. अभयारण्यात चराई नियमांच्या बंधनाने चालू राहू शकते. राष्ट्रीय उद्यानात ती मुळीच चालत नाही. याच कायद्यात संवर्धन राखीव क्षेत्र व समुदाय राखीव क्षेत्र असे आणखी दोन प्रकार आहेत. पहिले सरकारी जमिनीवर, स्थानिक लोकांशी विचारविनिमय करून ठरवावयाचे असते. दुसरे लोक आपण होऊन पुढे आले तर खाजगी अगर गावाच्या जमिनीवरही होऊ शकते.

याखेरीज अभयारण्याच्या सभोवतालचा पट्टा, ज्यास पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र म्हणतात, तो १९८६ च्या पर्यावरण (संरक्षण) कायद्याखाली केंद्र सरकार जाहीर करते. या पट्ट्यात खाजगी शेते असतात, ती खाजगीच राहतात, आणि चालू शेती, फळबाग व दुभत्या जनावरांचा धंदा यांस सामान्यतः मोकळीक असते. शेत अभयारण्यात आहे की या पट्ट्यात आहे, याचा उलगडा प्रथम करून घ्यावा. पुष्कळसा घोटाळा एवढ्याच एका अज्ञानातून होतो.

अभयारण्य ठरविण्याच्या पायऱ्या

राखीव वनाबाहेरील जमीन अभयारण्यात घ्यावयाची असल्यास कायद्याने पुढील क्रम लावून दिला आहे.

राज्य सरकार प्रथम कलम १८ अन्वये आपला मनोदय राजपत्रात जाहीर करते. त्या दिवसापासून कलम २० लागू होते. त्या भूमीत वारसा अगर मृत्युपत्र यांवाचून कोणासही नवा हक्क मिळत नाही. म्हणजे खरेदी-विक्रीस अटकाव होतो. नंतर कलम २१ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्याने साठ दिवसांच्या आत प्रत्येक गावी स्थानिक भाषेत जाहीरनामा लावावयाचा असतो. जाहीरनाम्याच्या तारखेपासून दोन महिन्यांत ज्याचा जो हक्क असेल तो त्याने लेखी कळवावयाचा असतो. जमिनीची मालकी, वाट, पाण्याचा पाट, चराई, देवस्थानास जाण्याचा रस्ता, हे सर्व यात येते. जिल्हाधिकारी चौकशी करून कलम २४ अन्वये निर्णय देतो. हक्क मान्य झाल्यास तीन मार्ग असतात. ती जमीन हद्दीतून वगळावी, मोबदला देऊन संपादन करावी, अथवा मुख्य वन्यजीव रक्षकाच्या विचाराने तो हक्क पुढे चालू ठेवावा. हे सारे काम दोन वर्षांत संपवावे असे कायदा म्हणतो. तथापि ते न संपल्यास मूळ अधिसूचना रद्द होत नाही, हेही तोच कायदा सांगतो. या शेवटच्या वाक्याकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. चौकशी रेंगाळली तर त्याचा भार सरकारावर पडत नाही, शेतकऱ्यावर पडतो.

एकदा अभयारण्य पक्के झाले म्हणजे त्याची हद्द बदलणे राज्य सरकारच्या एकट्याच्या हाती राहत नाही. १९९१ पासून त्यास विधिमंडळाचा ठराव लागत असे. २००३ पासून राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची शिफारस लागते. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २००० रोजी असा हुकूम दिला की पुढील आदेश होईपर्यंत कोणतेही अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान अगर वन यांचे आरक्षण उठवू नये. यामुळे वाढविलेली हद्द मागे घेणे हे अतिशय दीर्घ काम होऊन बसले आहे.

माळढोकाचे उदाहरण

पायऱ्या अपुऱ्या राहिल्या म्हणजे काय होते, हे आपल्या शेजारच्या मुलखात पाहावयास मिळाले. माळढोक पक्ष्याच्या रक्षणासाठी १९७९ साली सोलापूर जिल्ह्यात नान्नज, मोहोळ, माढा, करमाळा या बाजूस, आणि त्या वेळच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात कर्जत, श्रीगोंदे व नेवासे या बाजूस मिळून सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. इतक्या मोठ्या प्रदेशात गावे होती, बाजारपेठा होत्या, आणि खाजगी शेतजमीन तर अफाट होती. माळढोकास लागते ते उघडे गवताळ माळरान. येथे मात्र ऊस उभा असलेले शेतही अभयारण्यातच धरले गेले.

हक्कांची चौकशी करून निरुपयोगी जमीन वेळीच वगळली असती, तर प्रश्न तेथेच मिटला असता. तसे झाले नाही. देशातील बहुतेक अभयारण्यांची हीच स्थिती होती. म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट १९९७ रोजी सर्व राज्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांस ही कामे एका वर्षात पुरी करण्यास फर्माविले. माळढोक अभयारण्याची हद्द आटोपशीर होण्यास मात्र तीन दशके लागली. ती शेवटी सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आली. एवढ्या काळात एक पिढी सरली. जमीनधारकांचे व्यवहार अडले, आणि पक्ष्याचेही भले झाले नाही. माळढोक या प्रदेशातून जवळजवळ दिसेनासा झाला. हद्द फार मोठी व काम फार थोडे, अशी स्थिती झाली म्हणजे पशुपक्षी व माणूस दोघांचेही नुकसान होते, हा या उदाहरणाचा बोध होय.

जायकवाडीचे प्रकरण

आता आपल्या घरचे उदाहरण घेऊ. जायकवाडी धरणाची कोनशिला १९६५ साली बसविली गेली व १९७६ साली धरण पुरे झाले. त्याच्या पाण्याखाली सुमारे ३५,००० हेक्टर भूमी गेली. ज्यांची शेते बुडाली, त्यांपैकी कित्येक कुटुंबे उन्हाळ्याच्या तोंडी पाणी ओसरले म्हणजे उघड्या पडणाऱ्या गाळात पेरणी करून पोट भरतात. यासच गाळपेर म्हणतात. मच्छीमारांचा संसारही याच पाण्यावर आहे. या जलाशयावर १९८६ साली पक्षी अभयारण्य झाले, आणि २०१७ साली त्याच्या भोवतालचा पर्यावरण-संवेदनशील पट्टा केंद्र सरकारने जाहीर केला.

पुढे जलाशयाच्या पाण्यावर तरंगती सौरविद्युत योजना उभारण्याचा बेत निघाला. मच्छीमारांच्या कहार समाजाच्या एका समितीने त्याविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे येथील पीठाकडे दाद मागितली. अशा योजनेने जलाशयातील जीवसृष्टीस धोका पोहोचेल, असे तिचे म्हणणे होते. न्यायाधिकरणाने केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाचे म्हणणे मागविले. २०१७ च्या अधिसूचनेत पुनर्निर्मितीक्षम ऊर्जेचा वापर हा उत्तेजन देण्याजोग्या कामांत घातलेला असल्याने ही योजना निषिद्ध ठरत नाही, असा विचार तेथे प्रबळ ठरला, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये अर्ज फेटाळला गेला. समिती सर्वोच्च न्यायालयात गेली. मे २०२५ मध्ये तेथेही तिचे अपील नामंजूर झाले.

पक्ष्यांचे, माशांचे व गाळपेर करणाऱ्यांचे हित काय, हा प्रश्न मोठा आहे, आणि त्यावर दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोलता येईल. परंतु येथे प्रकरण फिरले ते अधिसूचनेतील शब्दांवर. ते शब्द अधिसूचना पक्की झाली तेव्हाच कायम झाले होते. प्रत्येक अशा अधिसूचनेचा मसुदा आधी राजपत्रात निघतो व साठ दिवसांच्या आत कोणासही लेखी हरकत अगर सूचना पाठविता येते. "ऊर्जेस उत्तेजन द्या, मात्र अभयारण्याच्या पाण्याच्या पृष्ठभागावर नको," अथवा "गाळपेरीच्या व मासेमारीच्या जागा सोडून," एवढी एक ओळ त्या साठ दिवसांत मागता येते. ती अधिसूचनेत उतरली तर पुढे न्यायालयात भिंतीसारखी उभी राहते. मसुद्यातील एका ओळीचे मोल पुढील अनेक तारखांहून अधिक असते, असे आम्ही म्हणतो ते यासाठीच.

न्यायालयाने सरकारचा निर्णय केव्हा मोडला?

वरील प्रकरणावरून न्यायालयात जाणे व्यर्थ असा समज कोणी करून घेऊ नये. जेथे पायरी गाळली गेली, तेथे न्यायालयांनी सरकारची कृती निःसंकोच रद्द केली आहे. ती दोन्ही दिशांनी रद्द केली आहे, म्हणजे खाजगी धारकाच्या बाजूने आणि वनाच्याही बाजूने. तीन उदाहरणे देतो.

पहिले खाजगी वनांचे. मुंबई राज्यात १९५६-५७ च्या सुमारास जमीनमालकांवर वन कायद्याच्या कलम ३५ खाली नोटिसा काढल्या गेल्या व पुढे काहीच झाले नाही. १९७५ च्या महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) कायद्याने खाजगी वने ३० ऑगस्ट १९७५ पासून सरकारजमा झाली. त्या जुन्या नोटिसांच्या आधारे अनेक दशकांनी सरकार जमिनींवर हक्क सांगू लागले. गोदरेज अँड बॉईस विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने ३० जानेवारी २०१४ रोजी ठरविले की केवळ नोटीस काढणे पुरेसे नाही. ती धारकास पोहोचली पाहिजे, त्याचे म्हणणे ऐकले गेले पाहिजे, आणि वर्षानुवर्षे पडून राहिलेली नोटीस अवचित उठवून कोणाची जमीन घेता येणार नाही.

दुसरे संवेदनशील पट्ट्याचे. ३ जून २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानेच असा आदेश दिला की देशातील प्रत्येक संरक्षित वनाभोवती निदान एक किलोमीटरचा पट्टा असावा व त्यात कायमचे नवे बांधकाम होऊ नये. केरळपासून अनेक प्रांतांत शेतकरी अस्वस्थ झाले. केंद्र सरकार व काही राज्ये न्यायालयापुढे गेली. २६ एप्रिल २०२३ रोजी न्यायालयाने आपला आदेश सौम्य केला. जेथे पट्ट्याचा मसुदा अगर अंतिम अधिसूचना निघाली आहे तेथे ती एक किलोमीटरची सरसकट अट राहिली नाही. खाणींची बंदी मात्र कायम ठेवली. स्थळ पाहून व लोकांच्या हरकती ऐकून पट्टा ठरवावा, हा मार्ग पुन्हा मोकळा झाला.

तिसरे पुण्याजवळील कोंढवा बुद्रुक येथील. तेथील ११.८९ हेक्टर भूमी १८७९ सालापासून राखीव वन होती. २८ ऑगस्ट १९९८ रोजी ती एका कुटुंबास शेतीच्या कारणासाठी देण्यात आली, आणि सुमारे चौदा महिन्यांतच, ऑक्टोबर १९९९ मध्ये, ती घरबांधणी संस्थेस विकण्याची परवानगीही मिळाली. १९८० च्या वन (संवर्धन) कायद्याप्रमाणे केंद्राची पूर्वसंमती अवश्य होती, ती नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने १५ मे २०२५ रोजी हे वाटप व ही परवानगी दोन्ही बेकायदा ठरवून भूमी तीन महिन्यांत वनखात्याच्या स्वाधीन करण्यास सांगितले. एवढ्यावर न थांबता, महसूल खात्याच्या ताब्यातील राखीव वनभूमी आणखी कोठे खाजगी व्यक्तींस दिली गेली आहे काय, हे शोधण्यासाठी सर्व राज्यांनी विशेष पथके नेमावीत असेही फर्माविले.

हे तिसरे उदाहरण शेतकऱ्यांनी दोन कारणांनी ध्यानात ठेवावे. "शेतीसाठी" या नावाखाली वनभूमी मागावयाची व ती इमारतीस विकावयाची, यात शेतकऱ्याच्या नावाचा केवळ उपयोग करून घेतला गेला. दुसरे असे की महसूल खात्याचा हुकूम हाती आहे एवढ्याने धारक निर्धास्त होत नाही. २५ ऑक्टोबर १९८० नंतर वनक्षेत्रातील गट मिळाला असल्यास त्यास केंद्राची संमती होती काय, हे आताच पाहून घ्यावे.

दाद कोठे मागावी?

वन्यजीव कायद्याखालील तक्रार, म्हणजे अभयारण्याची हद्द, हक्कांची चौकशी, जिल्हाधिकाऱ्याचा निर्णय याविषयीची तक्रार, संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात न्यावी लागते. १९८१ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ आपल्याच शहरी असल्याने आपणांस मुंबईस जाण्याचे कारण नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण ज्या कायद्यांचे वाद ऐकते, त्यांच्या यादीत वन्यजीव कायदा नाही. पर्यावरण कायदा व वन (संवर्धन) कायदा मात्र त्या यादीत आहेत. म्हणून संवेदनशील पट्ट्याचा वाद न्यायाधिकरणाकडे जातो. तेथे मूळ अर्जास वादाचे कारण प्रथम घडल्यापासून सहा महिने, आणि परवानगीविरुद्धच्या अपिलास तीस दिवस अशी मुदत आहे. सबळ कारण दाखविल्यास दोहोंसही आणखी साठ दिवसांपर्यंत सवलत मिळू शकते, त्यापुढे नाही. उच्च न्यायालयात दिवसांची अशी गणती नसली तरी विलंबाचा जाब द्यावाच लागतो.

आपण काय करावे?

१. आपल्या गावाचे नाव ज्या अधिसूचनेत आहे ती नकाशासह मिळवावी. न मिळाल्यास २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करावा. गट क्रमांक ताडून पाहावेत.

२. सातबारा, फेरफार व मोजणीचा नकाशा यांच्या नकला एकत्र ठेवाव्यात. मराठवाड्यात १९५४-५५ चे खासरा पत्रक व जुनी पहाणी पत्रके यांस फार महत्त्व आहे. निजामी अमदानीतील कागद फसली सनात असतात. त्यात ५९० मिळविले म्हणजे इसवी सन बहुधा येतो. उर्दू कागदांचे प्रमाणित भाषांतर आधीच करून ठेवावे.

३. वाट, पाट, चराई व गाळपेर यांचा वहिवाटीचा पुरावा गोळा करावा. गाळपेरीचे परवाने व भरणा-पावत्या टाकून देऊ नयेत.

४. जाहीरनामा अगर मसुदा निघताच तारीख टिपून घ्यावी. दावा दोन महिन्यांत, हरकत साठ दिवसांत, लेखी, आणि पोच घेऊन द्यावी. तोंडी सांगितलेले कागदावर राहत नाही.

५. हरकतीत केवळ विरोध लिहू नये. कोणता गट वगळावा, कोणती वाट चालू ठेवावी, कोणते वाक्य बदलावे, ते नेमके लिहावे. ग्रामसभेचा ठराव जोडावा. डोंगरातील वनहक्क असणाऱ्यांनी २००६ च्या वनहक्क कायद्याचे दावेही याच वेळी पुढे करावेत. ते हक्क अभयारण्यातही मान्य होतात.

६. संवेदनशील पट्ट्याच्या अधिसूचनेनंतर क्षेत्राचा विभागीय आराखडा तयार व्हावयाचा असतो व त्यात स्थानिक लोकांचा विचार घ्यावयाचा असतो. ही दुसरी संधी होय. ती बहुधा कोणी घेत नाही.

शेवटी एक शब्द. संरक्षित भूमी म्हणजे शेतकऱ्याची वैरीण, असे मानणारे काही लोक आहेत. गौताळ्याचा डोंगर उघडा बोडका झाला तर खालच्या विहिरींचे पाणी किती दिवस टिकेल, याचा हिशेब त्यांनी करावा. तसेच, शेतकरी हाच वनाचा शत्रू, असे मानणाऱ्यांनी कोंढव्याची भूमी शेवटी कोणासाठी चालली होती ते पाहावे. कायद्याने वनास हद्द दिली आहे आणि शेतकऱ्यास ती ठरताना बोलण्याचा हक्क दिला आहे. आपल्या मंडळाच्या प्रत्येक गावातील सभासदांनी राजपत्रावर नजर ठेवण्यास एक वाचता-लिहिता तरुण नेमावा व साठ दिवसांची ती मुदत कधी फुकट जाऊ देऊ नये. न्यायालयाची पायरी शेवटची आहे. पहिली पायरी आपल्याच चावडीवर आहे.